रिकामा धक्का

महादेवप्पा पडला. टँकरच्या मागे सांडलेल्या पाण्याचा चिखल झाला होता, त्यात दोन्ही गुडघ्यांवर आणि एका तळहातावर, साठ-सत्तर घागरींच्या देखत पडला. माणूस पडतो, त्यात विशेष काय? पण महादेवप्पाचं वजन शहाण्णव किलो होतं. औशाच्या तालमीत होता तेव्हा त्याला चीत करायला दोन पैलवान आणि एक बैल लागतो अशी थट्टा चालायची. आता सेहेचाळिसाव्या वर्षी, लातूरच्या नव्या कलेक्टर कचेरीत टंचाई शाखेचा कारकून असताना, त्याला टेबलावरून उठवून टँकरवर पाठवत ते एवढ्यासाठीच, की तो नुसता उभा राहिला तरी रांग सरळ होते. त्या सकाळी झाली नाही. मागून रेटा आला, मधला एक म्हातारा रिकामी बादली घेऊन पुढे सरकला, खरं तर सरकवला गेला, आणि महादेवप्पाने उजवा हात त्याच्या छातीवर ठेवून "मागं व्हा" म्हणत धक्का दिला. रोज पंचवीस-तीस वेळा द्यायचा तसाच. धक्का दिला की तळव्याला बरगडी लागते, थोडी दबते, माणूस दोन पावलं मागे जातो. हाताला हे पाठ होतं. या खेपेला बरगडी लागलीच नाही. छाती होती, मळकी बंडी होती, तिच्यावर तळवाही टेकला होता. पण भिंत समजून दारावरच्या पडद्यावर हात टेकावा तसं झालं. हात पुढे गेला, हातामागून खांदा गेला, खांद्यामागून शहाण्णव किलो गेले. म्हातारा जिथल्या तिथे, किंचित वळून उभा होता. त्यानेच महादेवप्पाच्या कोपराखाली हात घालून त्याला उठवलं. "लागलं न्हाई न, साहेब?" असं अगदी आस्थेने विचारलं, आणि मग आपली बादली घेऊन रांगेत मागे जाऊन उभा राहिला.

बायका हसल्या. ड्रायव्हरने तोंड फिरवून हसू गिळलं. महादेवप्पाला स्वतःचंच नवल वाटलं, की आपल्याला राग आला नाही. अपमान झाला तो नंतर, कचेरीत पोचल्यावर, गुडघ्यावरचा चिखल वाळून पँटवर कडक झाला तेव्हा. त्याआधी तासभर तो फक्त विचारात होता: गेला कुठे तो धक्का? आपण दिला, एवढं नक्की. दिलेली वस्तू कुणीतरी घेतलेली असते. त्याने मागणीच्या फॉर्मवर छापलेलं "जिल्हा उस्मानाबाद" खोडून वर "लातूर" लिहिलं. जिल्हा होऊन चौथं वर्ष सरत आलं तरी जुने फॉर्म संपत नव्हते आणि हे खोडणं हाताला सवयीचं झालं होतं. मधेच त्याने उजव्या तळव्याकडे पाहिलं. मग उठून कपाटाला ढकलून पाहिलं. कपाट मुकाट्याने सहा इंच सरकलं, वरून दुष्काळाच्या तीन फायली पडल्या, आणि शिपाई मलप्पा दारातून म्हणाला, "कपाटानं बी रांग मोडली का, साहेब?"

मलप्पाला सगळं गाव ठाऊक. म्हाताऱ्याचं नाव भुजंगराव. किनवटकडचा. पोरगा झेडपीत ओव्हरसियर, नवा जिल्हा म्हणून बदलून आलेला, त्याच्याकडे राहतो. "निजामाच्या फौजेत होता म्हणं. लई डोकं फिरलेलं माणूस हाय. सकाळच्याला आटलेल्या तळ्यात जातो अन् एकलाच नाचतो. नाचतो बी कसा, तर गोगलगाईवानी." महादेवप्पाने काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून त्याने फक्त एवढंच विचारलं, की किती वाजता.

दुपारभर त्याला आयुष्यात दिलेले धक्के आठवत राहिले. माणसाला दुसरं काही नसलं तरी आठवणी नको तितक्या असतात. वस्तादाने पहिल्या दिवशी हौद्यात उतरवण्याआधी गळ्यातलं इष्टलिंग काढून दंडाला घट्ट बांधायला लावलं होतं. "देव दंडावर, वजन पुढं," असं म्हणून तो पाठीत गुद्दा घालायचा. वजन पुढं. महादेवप्पाने जन्मभर तेवढं एकच वाक्य पाळलं. यात्रेतल्या कुस्तीत वजन पुढं, लग्नाच्या पंगतीत वजन पुढं, मोर्चा आला की कचेरीच्या दारात वजन पुढं. अंगावर कोणी येण्याआधीच आपण जायचं. एकेक माणूस आठवला, एकेक छाती आठवली. एक धक्का मात्र तो नेहमीप्रमाणे ओलांडून पुढे गेला, आणि ओलांडताना नेहमीप्रमाणे त्यावर पाय पडलाच. बहात्तर सालची अहमदपूरची भाड्याची खोली. खडी फोडणाऱ्यांची दिवसभर हजेरी घेऊन तो घरी आलेला, डोक्यात ऊन, तोंडात धूळ. त्याची बायको दानम्मा भरलेली घागर घेऊन उंबऱ्यातून आत येत होती. तिचा पाय अडखळला, अर्धी घागर सांडली. त्याने तिला मारलं नाही. चौदा वर्षं तो स्वतःला हेच सांगत आला होता, की मारलं नाही, नुसतं ढकललं. एका हाताने. ती मागे गेली, पडताना तिने डावा हात मागे टेकला आणि मनगट मोडलं. मुलगी नीलम्मा आठ वर्षांची होती, दारातच उभी. हाडवैद्याने विचारलं तेव्हा तीच आधी बोलली, "आई पाय घसरून पडली." असं बोल म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मनगट वाकडं बसलं. त्यानंतर दानम्माने त्याला कधी एका शब्दाने बोल लावला नाही, आणि कधी त्याच्या हाताच्या टप्प्यात आली नाही. हे कळायला त्याला दोन-तीन वर्षं लागली. ती चहाचा कप खाली ठेवायची आणि बोटांनी पुढे सरकवायची. ताट वाढून एक पाऊल मागे व्हायची. दारातून तो जात असला की थांबायची, तो गेल्यावर यायची. हे सगळं इतकं सहज, की पाहुण्यांना वाटे किती मर्यादशील बाई. महादेवप्पाला माहीत होतं की ही मर्यादा त्याच्या उजव्या हाताच्या लांबीची आहे, वर वीतभर जास्त. नीलम्मा लग्न होऊन उदगीरला गेल्यापासून घरात दोघंच होती, आणि ते अंतर आता घरातल्या तिसऱ्या माणसासारखं वावरायचं. त्याला ते अंतर मोडायला हवं होतं. दुसरं काहीच नको होतं खरं तर. पण त्याला जे येत होतं ते सगळं पुढे जाण्याचं होतं, आणि या कामात पुढे जाऊन भागणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताना तो तळ्याच्या बांधावर उभा होता. तळं म्हणजे आता नुसता खड्डा. गाळ वाळून तडकला होता आणि प्रत्येक तुकड्याच्या कडा पापडासारख्या वर उचललेल्या होत्या. लांब सांडव्याच्या अंगाला काही बायका गाळात खणलेल्या झिऱ्यांवर ओणव्या होत्या, वाटीवाटीने पाणी घागरीत टाकत होत्या. टंचाई शाखेच्या कागदांवर हे झिरे नव्हते, म्हणून महादेवप्पाने तिकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मधोमध भुजंगराव. गुडघे जरा वाकलेले, पाठ सरळ, हात कुठूनतरी उगवल्यासारखे सावकाश वर येत होते आणि तितक्याच सावकाश खाली जात होते. मलप्पा अगदीच खोटं बोलला नव्हता. पण महादेवप्पा पैलवान होता, त्याची नजर आपोआप पायांवर गेली, आणि तिथेच खिळली. म्हातारा पाऊल उचलायचा, टाच टेकवायचा, मग वजन त्यात ओतायचा. पाऊल पडलं त्या पापडाची कड मोडत नव्हती. महादेवप्पा बांधावरून खाली उतरला. त्याच्या पहिल्याच पावलाला कड्‌कड् असा आवाज झाला, आणि भुजंगराव न वळता म्हणाला, "या साहेब. गुडघा कसा हाय?"

"तुम्ही काय केलं काल?" महादेवप्पाने थेट विचारलं.

"मी? मी काहीच न्हाई केलं. तुम्हीच केलं समदं."

"थट्टा नका करू. मी तालमीतला माणूस हाय. मला डाव कळतो. ह्यो डाव मला कळला न्हाई."

"मंग बसा," म्हातारा म्हणाला, आणि स्वतः मात्र उभाच राहिला.

तो सांगत गेला ते असं: एक्केचाळीस साली निजामाच्या पलटणीबरोबर तो मलायाला गेला. बेचाळीसला सिंगापूर पडलं आणि जपान्यांनी धरलं. कैदेत असताना त्याला एका चिनी माळ्याच्या भाजीच्या मळ्यावर कामाला लावलं होतं. तो माळी सकाळी वाफ्यांमधून असा हिंडायचा. "मी म्हटलं, ह्या येड्याला जपानी ठोकून काढतील. एक दिवस एका शिपायानं त्याला ढकललं. जसं तुम्ही मला. शिपाई कोबीत पडला. पुन्हा ढकललं, पुन्हा कोबीत. मंग माळ्यानं त्याच्या टोपीवरची माती झटकली अन् दोन कोबीचे गड्डे दिले. शिपाई घेऊन गेला. काय करील? मारायला कारणच ठेवलं न्हाई." लढाई संपल्यावरही तो तिथेच रबराच्या मळ्यात राहिला, इकडे रझाकारांची गडबड होती, पोलिस अॅक्शन झाल्यावर परतला, आणि पुढे किनवटला लाकडाच्या डेपोवर चौकीदार म्हणून जन्म काढला. त्या कवायतीला तिकडे ताईची म्हणतात.

"कोणाच्या ताईची?" महादेवप्पाच्या तोंडून गेलंच.

"समदे हेच विचारतात," भुजंगराव थकल्यासारखा म्हणाला. "झालं हसून? मंग उभे राहा."

महादेवप्पा रोज जाऊ लागला. कशासाठी, हे स्वतःला विचारायचं त्याने टाळलं. कुतूहल म्हणून, असं तो म्हणायचा, आणि ते खोटंही नव्हतं. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं, की हे लढायच्या कामाचं आहे की नाही. तो प्रश्नांवर प्रश्न विचारायचा, तालमीत वस्तादाला विचारायची हिंमत झाली नव्हती ते सगळे. मागून मारलं तर? "मागं डोळे न्हाईत मला." कुऱ्हाड घेऊन आला तर? डेपोवर सागवानचोर कुऱ्हाडी घेऊन यायचेच. "मी पळालो जी. दोन डाव पळालो. तिसऱ्या डावाला चोरानं कुऱ्हाड उगारायच्या आधी ढकललं मला, तवा तो चुकला." अस्वल आलं तर? "अस्वलाला कुठं येतं ताईची?" हा माणूस आपल्या विद्येची बढाई मारत नाही, याने महादेवप्पा अस्वस्थ व्हायचा. बढाई मारली असती तर तिला मोडता तरी आलं असतं. म्हातारा त्याला मनगटाला मनगट लावून उभं करायचा, आणि ढकला म्हणायचा. महादेवप्पा ढकलायचा, आणि ढकलायच्या आधीच म्हाताऱ्याला ते कळलेलं असायचं. "तुमचा खांदा आधी बोलतो, मंग हात. मी खांद्याचं ऐकून राहिलो." कानाने नव्हे, चामडीने ऐकायचं. समोरचा जोर लावतो तेव्हा त्याला जोर लावायला काहीतरी लागतं. ते त्याला द्यायचं नाही. पण हात सोडायचाही नाही, सोडला तर काय चाललंय ते कळणार कसं? महादेवप्पाला हे सगळं पटायचं आणि जमायचं काहीच नाही. त्याची टाच उचलली जायची. वजन पुढं, वजन पुढं. तीस वर्षांचा गुद्दा पाठीत बसलेला होता.

एके दिवशी त्याने ठरवलं की आता सोक्षमोक्ष. म्हाताऱ्याला न सांगता तो खाली वाकला, पट काढला, म्हणजे दोन्ही हातांनी त्याचा पाय गुडघ्याच्या मागून ओढून घेतला, आणि सहासष्ट वर्षांचा भुजंगराव आडवा झाला. इतकं सोपं. महादेवप्पाच्या छातीत क्षणभर जुन्या यात्रेतला हलगीचा ताल वाजला, आणि लगेच थांबला, कारण त्याच्या लक्षात आलं की आपण पुन्हा एका थकल्या माणसाला पाडलं. तो घाबरला. खाली बसून म्हाताऱ्याची मनगटं चाचपू लागला. भुजंगराव मात्र उताणा पडून हसत होता.

"लागलं का? हाड? हात बघू."

"काही न्हाई झालं. तुम्ही धरलं मला, ढकललं न्हाई. धरणाऱ्याचं औषध मला पुरतं येत न्हाई. माझ्या माळ्याला येत असंल." तो उठून बसला, बंडी झटकली. "पण पडायचं येतं. तेच आधी शिकवलं त्यानं. माणूस पडताना हात मागं टाकतो. सगळं वजन मनगटावर येतं. मनगट मोडतं. पडणाऱ्याची चूक नसती जी ती, अंगालाच तसं वाटतं. पण शिकवलं तर जातं."

महादेवप्पाने त्याचं मनगट अजून धरलेलं होतं. ते त्याला सोडता येईना. "शिकवलं तर जातं," असं तो पुटपुटला, म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. सांडव्याकडच्या बायका घागरी डोक्यावर घेऊन एकामागून एक बांध चढत होत्या.

घरी परतून त्याने अंघोळ केली, म्हणजे तांब्याभर पाण्यात पंचा भिजवून अंग पुसलं, आणि पूजेला बसला. दानम्मा आधीच बसली होती, नेहमीसारखी भिंतीच्या त्या टोकाला. विभूती, बेलाचं एक सुकलेलं पान, चार थेंब पाणी. पाणी गढूळ होतं. तुरटी फिरवूनही घरातलं पाणी गढूळच असायचं, आणि टँकरच्या विहिरीचं पाणी स्वच्छ आहे असा रिपोर्ट त्याने स्वतः लिहिला होता. त्याने डाव्या तळव्यावर इष्टलिंग ठेवलं, हात छातीसमोर आणला, नजर त्यावर लावली. लहानपणी जंगमांनी दीक्षा दिली तेव्हापासून रोज. आणि आज प्रथमच त्याच्या ध्यानात आलं की हा तळवा जोर लावत नाही आणि सोडतही नाही. कोपर जड, खांदा झोपलेला, बोटं जागी. काल भुजंगरावाने त्याचा डावा हात धरून विचारलं होतं, "ह्यो हात कुठं शिकला? ह्यो हात बरोबर हाय. दुसरा कुणाचा हाय?" त्याने हळूच नजर वळवली. पूजेत नजर वळवू नये, पण वळवली. दानम्माचा डावा तळवा सपाट होत नव्हता. वाकड्या मनगटामुळे तो अर्धाच वळायचा, एका अंगाला कललेला राहायचा, लिंग घरंगळू नये म्हणून ती उजव्या हाताची बोटं त्याखाली लावून बसायची. चौदा वर्षं रोज सकाळी, त्याच्यापासून सहा फुटांवर, ती असा देव सांभाळत होती, आणि चौदा वर्षं तो आपल्या तळव्याकडे एकाग्र होऊन बसत होता. सगळे म्हणत, महादेवप्पाची पूजा बघावी, पापणी लवत नाही. पापणी का लवत नाही ते त्याला एकट्याला ठाऊक होतं. त्याला रडू आलं नाही. तसं आलं असतं तर बरं झालं असतं, असं मात्र वाटलं.

रविवारी उन्हं कलल्यावर तो मागच्या अंगणात एकटाच उभा राहून पाय टाकत होता. टाच, मग वजन. टाच, मग वजन. कोपऱ्यात पाण्याचा लोखंडी ड्रम रिकामा ठणठणीत पडला होता. दानम्मा दाराच्या चौकटीला टेकून ज्वारी निवडत होती, सूप मांडीवर. नजर मात्र त्याच्या पायांवर होती. मग म्हणाली, "मागचा पाय लवकर उचलून राहिलात तुम्ही."

तो थांबला. "तुला काय ठावं?"

"म्हातारबा तसं करत न्हाईत. त्यांचा पुढचा पाय पुरा बसला की मगच मागचा सुटतो."

"तू कधी बघितलंस त्यांना?"

"रोज बघते. झिऱ्यावरून." तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "तुम्ही यायच्या आधीपासून. चैत्रापासनं."

महादेवप्पाला आधी ते नीट समजलं नाही. जिल्ह्यातल्या तीनशे गावांत पाणी कुठून येतं ते त्याला तोंडपाठ होतं. "झिऱ्यावर? आपल्या गल्लीत टँकर येतो. मी स्वतः यादी केली."

"टँकरवर तुम्ही उभे असता."

"मग?"

"मग काही न्हाई. रांगेत ढकलाढकली होती. मी न्हाई येत तिथं." ती हे असं बोलली की जणू त्या बाजूला ऊन लागतं म्हणून जात नाही. मग म्हणाली, "तुम्ही पडलात ते झिऱ्यावर कळालं मला. बाया सांगत होत्या. मी लगीच म्हातारबाकडं बघितलं. म्हटलं, असं हाय तर ह्ये."

तो तिच्याकडे पाहत उभा राहिला. गढूळ पाणी, तुरटी, पहाटे आधीच रिकामं असलेलं तिचं अंथरूण, सांडव्याकडच्या ओणव्या पाठी. कागदावर नाही म्हणून ज्यांच्याकडे त्याने पाहिलं नव्हतं त्यातली एक पाठ त्याच्या घरची होती. सांगायला त्याच्याकडे एकच गोष्ट होती आणि ती चौदा वर्षं तोंडात धरून धरून तिचा आकार गेला होता. "दानम्मा," तो म्हणाला, "अहमदपूरला मी तुला ढकललं. तू घसरली न्हाईस. मी ढकललं." एवढं बोलायला त्याला तालमीतल्या हजार जोरांपेक्षा जास्त दम लागला.

"मला ठावं हाय की," ती म्हणाली. "तिथं मीच होते."

तिने सूप खाली ठेवलं. पदर खोचला. अंगणात आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली, त्याच्या हाताच्या टप्प्याच्या आत. इतक्या जवळून त्याने तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. कपाळावरच्या विभूतीचे पट्टे घामाने फुटले होते, भुवईत दोन केस पांढरे झाले होते. तिने गुडघे जरासे वाकवले. पाठ सरळ केली. ते म्हाताऱ्याचं उभं राहणं होतं, त्याच्यापेक्षा कितीतरी नीट बसलेलं.

"पाय मला आले," दानम्मा म्हणाली. "घागर डोक्यावर घेऊन बांध चढताना येतात. हाताचं मात्र कळत न्हाई. हाताला दुसरं माणूस लागतं. तुम्ही ढकला."

"न्हाई."

"ढकला म्हणते ना."

"मला न्हाई जमायचं. काही झालं तर?"

"तुम्हाला तेवढंच तर जमतं," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, थोडी थट्टा होती, पण खालती काहीतरी होतं जे थट्टा नव्हतं. "मला बघायचं हाय. तवा मला ह्ये येत असतं तर काय झालं असतं, त्ये बघायचं हाय."

त्याचा उजवा हात वर आला. त्याला वाटलं, हळूच ढकलावं, नाटकापुरतं. आणि लगेच कळलं की ती ते ओळखेल, आणि मग पुन्हा कधी या अंगणात अशी उभी राहणार नाही. खोटा धक्का हा चौदा वर्षांतला सगळ्यात मोठा अपमान झाला असता. तिने डावं मनगट पुढे धरलं, तेच. त्याने त्यावर तळवा ठेवला. वाकड्या हाडाचा उंचवटा त्याच्या तळव्याच्या खळग्यात बसला, गरम, कोरडा. तो त्याने कधीच हात लावून पाहिला नव्हता. त्याने श्वास घेतला आणि ढकललं. खरं ढकललं, अहमदपूरला ढकललं होतं तसं, खांद्यातून, वजन पुढं.

म्हाताऱ्याचा हात वर वळायचा. दानम्माचं मनगट वर वळणारं नव्हतंच. ते त्याला वळता येत होतं त्या एकाच बाजूला, खाली आणि आत वळलं, तिची कंबर त्यामागून वळली, आणि महादेवप्पाच्या तळव्याखाली जे होतं ते होतंच, सुटलं नव्हतं, पण त्यात ढकलायला काही उरलं नाही. तो तिच्या बाजूने पुढे गेला. दोन पावलं, तीन पावलं, आणि खांद्याने रिकाम्या ड्रमवर आदळला. ड्रम असा दणाणला की शेजारच्या मल्लम्माने कुंपणावरून डोकं वर काढलं. काय झालं, असं तिने विचारलं.

"ह्ये घसरले," दानम्मा म्हणाली.

मल्लम्माचं डोकं खाली गेलं. ड्रमचा आवाज अजून पुरता विरला नव्हता. महादेवप्पा ड्रमला धरून उभा राहिला आणि वळला. दानम्मा आपल्या मनगटाकडे बघत होती. तिने ते एकदा उजेडात फिरवून पाहिलं, जिथवर फिरत होतं तिथवर, बाजारात एखादी वस्तू उलटीपालटी करून बघावी तसं. मग तिने मान वर केली. ती मागे सरकली नव्हती. होती तिथेच, गुडघे वाकवून उभी होती, आणि मनगट पुन्हा पुढे धरलेलं होतं.

"पुन्हा," ती म्हणाली.